ऑनलाइन शिकवणीतले गणित : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑनलाइन शिकवणीत विद्यार्थी एकीकडे आणि शिकवणारा दुसरीकडे असतो, त्यामुळे वहीत काय चालले आहे ते शिकवणाऱ्याला आपोआप दिसत नाही. ते दिसेल अशी सोय करणे आणि विद्यार्थी जिथे अडला आहे तिथेच, हवी तेवढीच मदत करणे, हे या शिकवणीचे मुख्य काम असते.

मुंबईतल्या आरे कॉलनीसारख्या ठिकाणी अशा शिकवणीची गरज सहज लक्षात येते. गोरेगाव पूर्वेला १९४९ साली दुग्धवसाहत म्हणून वसवलेल्या या सुमारे १,२८७ हेक्टरच्या परिसरात तबेल्यांच्या युनिटांच्या आजूबाजूला सुमारे २७ आदिवासी पाडे विखुरलेले आहेत. शाळा सुटल्यावर गोरेगावला किंवा मरोळला क्लासला जायचे आणि अंधार पडल्यावर पाड्यावर परतायचे, हे लहान मुलांसाठी सोपे नाही. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात येथे बिबट्याचे एकामागून एक हल्ले झाले होते. घरातल्या मोबाइलवर शिकवणी मिळाली तर ही ये-जा टळते. मात्र अशी शिकवणी कशी चालते याविषयी बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : वेगवान इंटरनेट आणि मोठा स्क्रीन नसेल तर गणित शिकवता येत नाही.

वस्तुस्थिती : साधा फोनही पुरतो. कोरोनाकाळात २०२० मध्ये शाळा बंद असताना आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या घरी आठवड्यातून एकदा फोन करून सुमारे १५ ते २० मिनिटे गणित घेतले गेले. सोबत साध्या मेसेजवर उदाहरणे पाठवली जात. या मुलांच्या गणितात मोजण्याजोगी सुधारणा दिसली. नुसते मेसेज मिळालेल्या गटात मात्र तसा फरक पडला नाही. म्हणजे उपयोग झाला तो संभाषणाचा.

व्हिडिओ अडखळत असेल तर वहीच्या पानाचा फोटो आणि साधा कॉल एवढ्यावर तासिका नीट होते. फोटोत कच्चे काम दिसले पाहिजे, म्हणून खाडाखोड न पुसण्याची सवय लावावी लागते. नुसत्या आवाजावर संख्या सांगताना एक अडचण येते. मराठीत चौऱ्याऐंशी म्हणताना एकक आधी ऐकू येतो, त्यामुळे लहान मूल घाईत ४८ लिहून जाते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. पण त्यामागची अडचण खरी आहे. फोनवर ‘आठ दशक, चार एकक’ असे सांगितले की घोटाळा होत नाही.

गैरसमज २ : उत्तर चुकले म्हणजे मुलाचे लक्ष नव्हते.

वस्तुस्थिती : पुष्कळ चुकांमागे एखादी ठरलेली, पण चुकीची रीत असते. ४०३ मधून १६८ वजा करताना एखादी मुलगी ३६५ उत्तर लिहिते. वरवर पाहता हे उत्तर कुठून आले ते कळत नाही. वहीचा फोटो पाहिला की उलगडा होतो : ८ मधून ३ गेले ५, ६ मधून शून्य गेले ६, ४ मधून १ गेला ३. प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा झाला आहे. हातचा घ्यायचा आहे हे तिला ठाऊक नाही, किंवा दशकाच्या घरात शून्य असताना तो कुठून घ्यायचा ते ठाऊक नाही. बरोबर उत्तर २३५ आहे, पण ते सांगून तिची रीत बदलणार नाही. १९७८ मध्ये ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी वजाबाकीतल्या अशा ठरावीक चुकांची पद्धतशीर मांडणी केली होती. ‘हे कसे केलेस ते सांग’ हा प्रश्न ‘चुकले, पुन्हा कर’ या सूचनेपेक्षा उपयोगी ठरतो तो यामुळेच. बरोबर आलेल्या उत्तरांनाही हा प्रश्न विचारावा, नाहीतर तो ऐकताच मुलांना आपले चुकल्याचे कळते.

गैरसमज ३ : चांगला शिकवणारा उत्तर कधीच सांगत नाही.

वस्तुस्थिती : लगेच उत्तर सांगणे चूक, तसेच मुलाला तासभर चाचपडत ठेवणेही चूक. विषय अगदी नवा असेल तर पूर्ण सोडवलेले उदाहरण पायऱ्यांसह दाखवणे फायद्याचे असते. स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या बाबतीत हे दाखवून दिले. त्यानंतर अर्धवट सोडवलेले उदाहरण द्यावे आणि मग पूर्ण उदाहरण विद्यार्थ्यावर सोपवावे.

मूल मध्येच अडले तर मदत टप्प्याटप्प्याने वाढवायची असते. ३/४ आणि १/६ यांच्या बेरजेत एखाद्याने ४/१० लिहिले, तर पहिला प्रश्न एवढाच : ‘४/१० हे ३/४ पेक्षा मोठे की लहान?’ बेरीज मूळ संख्येपेक्षा लहान आली हे त्यालाच दिसू द्यावे. तरीही पुढे जाता येत नसेल तर ‘छेद सारखे आहेत का?’ असे विचारावे, मग ४ आणि ६ यांचा लसावि काढायला सांगावा. त्यानेही भागले नाही तर ३/४ म्हणजे ९/१२ ही एक पायरी करून दाखवावी. उरलेले २/१२ आणि ११/१२ त्याने स्वतः काढायचे.

गैरसमज ४ : शाब्दिक उदाहरणात खुणेचा शब्द सापडला की क्रिया कळते.

वस्तुस्थिती : ‘एकूण’ म्हणजे बेरीज आणि ‘उरले’ म्हणजे वजाबाकी, ही युक्ती फसवते. ‘सीमाने ५ पेरू वाटले, तिच्याकडे ८ उरले, आधी किती होते?’ यात ‘उरले’ असूनही बेरीज करावी लागते.

आरेतल्या मुलांच्या ओळखीचे एक उदाहरण घेता येईल : तबेल्यात २४ म्हशी आहेत, प्रत्येक म्हैस रोज ७ लिटर दूध देते, ८ लिटर दूध घरी ठेवले, उरलेले ४० लिटरच्या कॅनमध्ये भरले, तर एकूण किती कॅन भरले? ‘एकूण’ पाहून सगळ्या संख्यांची बेरीज केली तर ७९ कॅन होतात. अशा वेळी ‘गुणाकार कर’ असे सांगू नये. ‘एका म्हशीचे दूध किती? दोन म्हशींचे?’ असे विचारत गेले की १६८ लिटरपर्यंत मूल आपणच पोहोचते. मग ८ वजा जाऊन १६० उरतात आणि ४ कॅन भरतात. शेवटी ‘एवढ्या दुधाला ७९ कॅन लागतील का?’ हा प्रश्नही त्याच्यापुढे ठेवावा. उत्तराचा अंदाज पडताळण्याची सवय अशीच लागते.

गैरसमज ५ : कॉलवर शांतता पसरली म्हणजे वेळ वाया गेला.

वस्तुस्थिती : फोनवरची शांतता अवघड वाटते, म्हणून शिकवणारे घाईने बोलून टाकतात. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधून नोंदी घेतल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत असल्याचे आढळले. हा वेळ ३ सेकंदांच्या पुढे नेला की मुलांची उत्तरे लांबली आणि गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. आकडेमोड करायची असेल तर वेळ आणखी लागतो. ‘दोन मिनिटे घे, मी लाइनवर आहे’ असे सांगून ठेवले तर नेटवर्क गेले की मूल विचार करते आहे, हा संभ्रमही राहत नाही.

गैरसमज ६ : सहावीतल्या मुलाला सहावीचेच गणित शिकवावे.

वस्तुस्थिती : भागाकार कच्चा असेल तर दशांश अपूर्णांक पुढे सरकत नाहीत. सुरुवात मुलाला जे येते तिथून करावी लागते, मग ते दुसरी-तिसरीचे का असेना. ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना ‘बालसखी’ नेमून पायाभूत कौशल्ये शिकवली. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन २००७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात मुलांचे गुण स्पष्टपणे वाढलेले दिसले. बडोद्यात चौथीची मुले आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघे, आपापल्या पातळीची गणिते सोडवत; त्यांचे गणितही लक्षणीय सुधारले.

गैरसमज ७ : शिकवणी घ्यायला गणितातला पदवीधरच हवा.

वस्तुस्थिती : बालसखी म्हणजे त्याच वस्तीतल्या, शालेय शिक्षण झालेल्या तरुणी होत्या. इटलीत २०२० मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी विनामोबदला ऑनलाइन शिकवले, तेव्हाही मागे पडलेल्या शाळकरी मुलांचे गुण वाढले. दोन्हीकडे शिकवणाऱ्यांना आधी प्रशिक्षण मिळाले होते. पायाभूत गणितासाठी विषयाची स्पष्ट समज, धीर आणि ठरलेल्या वेळी न चुकता कॉल करण्याची शिस्त हवी. दहावीच्या बीजगणिताला मात्र विषयाचा जाणकारच लागतो.

गैरसमज ८ : ‘समजले का?’ला ‘हो’ आले म्हणजे गणित आले.

वस्तुस्थिती : ‘हो’ पुष्कळदा संकोचातून येते किंवा कॉल संपवण्यासाठी. शिकवणाऱ्याने सोडवलेले पाहताना सगळे सोपे वाटते. खरी परीक्षा म्हणजे तासिकेच्या शेवटी त्याच प्रकारचे, पण आकडे आणि मांडणी बदललेले उदाहरण मुलाने मदतीशिवाय सोडवणे. ४०३ वजा १६८ जमल्यावर ६०२ वजा २४७ द्यावे आणि उत्तर ३५५ कसे आले ते फोनवर सांगायला लावावे. चार-पाच दिवसांनी पुढच्या कॉलच्या सुरुवातीला पुन्हा तसेच एक उदाहरण घ्यावे. ते बरोबर आले तर पुढचा धडा सुरू करावा, नाहीतर त्या दिवशीची तासिका हातच्यालाच द्यावी.