हौशी आणि धंदेवाईक : पांचो गोन्झालेसची कारकीर्द

'धंदेवाईक' हा शब्द आपल्याकडे अजूनही थोड्या खालच्या सुरात उच्चारला जातो. हौसेने खेळणारा तो थोर आणि खेळावर पोट भरणारा तो हलका, अशी समजूत त्यामागे असते. टेनिसमध्ये ह्या समजुतीला नियमाचेच रूप आले होते, आणि तो नियम १९६८ पर्यंत चालला. त्याची किंमत कोणी मोजली हे समजण्यासाठी आम्ही येथे एकाच खेळाडूची कारकीर्द घेत आहोत.

रिकार्डो ऊर्फ पांचो गोन्झालेस १९२८ साली लॉस एंजलिस येथे मेक्सिकन वंशाच्या एका साध्या कुटुंबात जन्मला. आईने घेऊन दिलेल्या स्वस्त रॅकेटवर तो आपला आपणच खेळ शिकला. १९४८ व १९४९ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. पण अजिंक्यपदाने चूल पेटत नाही. १९४९ मध्येच, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो धंदेवाईक झाला, आणि विंबल्डनसह चारही मोठ्या स्पर्धांची दारे त्याला बंद झाली.

धंदेवाईक टेनिसची तऱ्हा त्या काळी आपल्या नाटकमंडळ्यांसारखी होती. एक चालक दोन नामवंत खेळाडूंना करारबद्ध करी आणि त्या दोघांनी महिनोन्‌महिने गावोगाव एकमेकांशीच खेळायचे. मैदान म्हणजे बंदिस्त सभागृहात अंथरलेले कॅनव्हास. आज येथे, उद्या तेथे. पहिल्या दौऱ्यात कसलेल्या जॅक क्रेमरने गोन्झालेसला ९६–२७ असे नमविले. हरलेल्याला पुन्हा कोण बोलावणार? पुढील काही वर्षे त्याला मोठा दौरा मिळाला नाही. टेनिसचे सामान विकण्याचे दुकान त्याने चालविले.

१९५४ पासून मात्र चित्र पालटले. ट्राबर्ट, रोझवॉल, होड असे एकाहून एक हौशी विजेते ह्या फडात उतरले आणि गोन्झालेसने त्यांना दौऱ्यांत हरविले. ट्राबर्टवरील विजय ७४–२७ असा होता. तरीही त्या दौऱ्यात हमीची मोठी रक्कम ट्राबर्टलाच होती, कारण लोक नवा चेहरा पाहायला येत. जिंकणाऱ्याला कमी आणि हरणाऱ्याला अधिक, असा हा हिशेब होता. गोन्झालेसचा स्वभाव तापट म्हणून प्रसिद्ध आहे. त्या तापटपणाचा विचार करताना हा हिशेबही ध्यानात ठेवावा.

१९६८ मध्ये दारे उघडली, तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. १९६९ च्या विंबल्डनमध्ये त्याची गाठ पासारेल ह्या तरुणाशी पडली. पहिला सेट २२–२४ आणि दुसरा १–६ असा गेला. अंधुक प्रकाशात खेळावे लागल्याने तो चिडला, प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. दुसऱ्या दिवशी त्याने १६–१४, ६–३, ११–९ असे तिन्ही सेट जिंकले आणि पराभवाचा क्षण सात वेळा परतविला. ११२ गेम्सचा हा सामना विंबल्डनमध्ये २०१० पर्यंत सर्वांत दीर्घ ठरला. विंबल्डनचे एकेरीतील अजिंक्यपद मात्र त्याला कधीच लाभले नाही. १९९५ मध्ये तो वारला.

हौस हा गुण खराच. परंतु ज्याच्या घरी खायला आहे त्यालाच ती वर्षानुवर्षे परवडते. म्हणून हौसेची सक्ती करणारा नियम दिसायला नीतीचा असला, तरी त्याचा भार गरीब घरच्या गुणवंतावरच पडतो, असे आम्हांस वाटते.