एकच नाकपुडी बंद राहत असेल तर...

सर्दीत नाकपुड्या आलटून-पालटून बंद होतात. ॲलर्जीमुळे नाकात वाढणारे मांसही बहुधा दोन्ही बाजूंना असते. पण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची एकच नाकपुडी महिनोन्‌महिने चोंदलेली असेल, वुजू करताना त्या बाजूने पाणी आत जात नसेल, अधूनमधून रक्त दिसत असेल, तर ‘नाकाचे मांस वाढले’ म्हणून गप्प बसू नये.

त्यामागे ‘इन्व्हर्टेड पॅपिलोमा’ नावाची गाठ असू शकते. ती नाक आणि सायनसच्या अस्तरातून उगवते. तिचे अस्तर बाहेर फुगण्याऐवजी आतल्या बाजूला दुमडत जाते, म्हणून हे नाव. रिंगर्ट्झ यांनी १९३८ साली हे वैशिष्ट्य दाखवून दिले. स्त्रियांपेक्षा पुरुषांत ती जास्त आढळते.

ही गाठ मुळात कर्करोगाची नाही. तरी तिला साधी समजणे महागात पडते. ती शेजारचे हाड झिजवते, अर्धवट काढली तर पुन्हा येते आणि साधारण शंभरातल्या ५ ते १० रुग्णांत तिच्यात कर्करोग सापडतो. तो कधी पहिल्याच तपासणीत दिसतो, तर कधी ऑपरेशननंतर काही वर्षांनी.

वरून पाहून साधे मांस आणि ही गाठ यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर दुर्बिणीने नाक तपासतात, सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात आणि तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. ऑपरेशन बहुधा नाकातूनच, दुर्बिणीने होते. गाठ जिथे चिकटलेली असते तिथले हाडही घासून साफ करावे लागते, नाहीतर मूळ शिल्लक राहते. काढलेले सगळे मांस तपासणीला गेले ना, हे घरच्यांनी आवर्जून विचारावे. रिपोर्ट जपून ठेवावा.

गालाला बधिरपणा, सतत दुखणे, डोळा पुढे येणे, एकाचे दोन दिसणे, मानेत गाठ, यांपैकी काही जाणवले तर थांबू नये.

आपल्या घरांत वडीलधारी माणसे दुखणे अंगावर काढतात आणि ऑपरेशन झाले, श्वास मोकळा झाला की दवाखान्याची वाट विसरतात. या आजारात मात्र पुढची कित्येक वर्षे नाक तपासून घ्यावे लागते. अब्बांना त्या तारखेची आठवण करून देणे हे घरातल्या मुला-मुलींचे काम आहे.