मेस्त्रींचा कॅमेरा

मुंबईत पेडर रोडच्या गुलशन महालात 2019च्या जानेवारीत भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. तिथं मूकपटांच्या काळाशी आलेला भोसरीचा माणूस आधी यंत्रांकडे वळतो, चित्रं मागाहून बघतो. मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांकडे जायची वाटही हीच असावी.

आडनाव मेस्त्री, घर कोल्हापूरचं, वडील लोहार-सुतारकाम करणारे. ‘पेंटर’ हे नाव नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चिकटलं. जोडीदार आनंदराव 1916मध्ये वारले, तेव्हा दोघांनी स्वतः बनवायला घेतलेल्या सिनेमाच्या कॅमेऱ्याचं काम अर्धवट होतं. विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्यावर नजर ठेवून बाबूराव आणि त्यांचे सहकारी दामले यांनी आपला कॅमेरा पुरा केला. आमच्या भोसरीत सॅम्पल हातात दिलं की ड्रॉइंगशिवाय जॉब काढून देणारे लेथवाले आहेत; त्यांना यात नवल वाटायचं नाही. चित्रकलेच्या पुस्तकांत मात्र हा भाग एका ओळीत उरकतात.

त्यानंतरची दहाएक वर्षं झपाट्याची. त्यांचा मूकपट ‘सैरंध्री’ 1920मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं कात्री लावली. जाहिरातीची चित्रंही बाबूराव स्वतः काढत. 1924च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर टिकून राहिलं. त्यांच्या कंपनीचे बहुतेक मूकपट मात्र गेले. नायट्रेटची फिल्म जळते, नाहीतर कुजते. पुण्यात फिल्म संग्रहालय निघालं ते 1964मध्ये, म्हणजे बाबूराव जाऊन दहा वर्षं झाल्यावर. जाहिरातीचा कागद उरावा आणि सिनेमा जावा, याची चुटपुट लागते.

त्यातही 1925चा ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपट्यांची कथा, तरुण शेतकरी झालेले व्ही. शांताराम. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. चाकण-महाळुंग्याच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजवायला नको. इकडे सावकार नव्हता, भूसंपादन होतं, मोबदलाही मिळाला. पण सातबाऱ्यावरून हजेरीपटावर जाणं तेच. बाबूरावांनी 1936मध्ये हीच कथा बोलपट म्हणून पुन्हा घेतली. बहुधा ती त्यांची पाठ सोडत नव्हती.

त्यांचं प्रदर्शन भरवायचं, तर भोसरीच्या लांडगे नाट्यगृहात भरवा. ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आणा, एखादा रंगवलेला पडदा आणा, आणि कॅमेऱ्याचा एकेक भाग सुटा करून टेबलावर ठेवा. पहिल्या पाळीची माणसं साडेतीनला सुटतात. दारं रात्री नऊपर्यंत उघडी हवीत.