काडतूस अडते कुठे?

अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून वापरतात. पुंगळीला मूळ आकार देणे, तिचे तोंड किंचित रुंदावणे, गोळी बसवणे आणि शेवटी तोंड आवळणे ही कामे ‘डाय’ नावाच्या पोलादी साच्यांनी होतात.

९ मिलिमीटर पिस्तुलाचे काडतूस नळीत पुंगळीच्या तोंडावर टेकते. साचा अधिक खाली उतरवून तोंड अति आवळले, तर हा आधारच जातो. कमी आवळले, तर काडतूस अडते. गोळी सैल राहून आत सरकल्यास दाब धोकादायक पातळीवर जातो. म्हणूनच तयार काडतूस सुट्या केलेल्या नळीत अलगद बसते का, हे आधी पाहतात.

भारतात मात्र शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे.