चालत्या प्रोग्रॅमच्या हातीं काय आहे?



गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. एकलहरे येथें आमच्या शेजारीं राहणाऱ्या वयोवृद्ध काकूंना जात्यावरच्या शेंकडों ओव्या मुखोद्गत आहेत. जातें घरांतून केव्हांच गेलें. ओव्या मात्र काकूंच्या कंठांत राहिल्या. त्यांचें ध्वनिमुद्रण करून ठेवावें असें माझ्या नातवानें मनावर घेतलें, आणि एका दुपारीं काकूंना आमच्या जुन्या संगणकासमोर बसवून त्यानें काम सुरू केलें. दुसऱ्या दिवशीं पहाटे काकू लेकीकडे लांबच्या गांवीं जावयाच्या होत्या. तेव्हां जें काय साधावयाचें तें त्याच दिवशीं साधणें भाग होतें.

दीड तास गाणें झाल्यावर काकूंनीं चहासाठीं विसावा घेतला. नातू स्वयंपाकघरांत गेला. मुद्रण करणारा प्रोग्रॅम तसाच चालूं होता. इतक्यांत 'डिस्कवर जागा थोडी उरली आहे' अशी सूचना पडद्यावर झळकली. मदत करावी या सद्हेतूनें मीं एक मोठी फाइल निवडली आणि कचरापेटींतहि न ठेवतां ती कायमची पुसण्याची आज्ञा दिली. ती फाइल म्हणजे काकूंचें दीड तासांचें गाणेंच होतें, हें मला नातू परत आल्यावर कळलें.

मला घाम फुटला. तथापि एक गोष्ट मघांच माझ्या ध्यानांत आली होती, ती मीं अपराधी मुद्रेनें बोलून दाखविली: एवढी मोठी फाइल पुसली, तरी मोकळी जागा तिळभरहि वाढली नव्हती. हें ऐकतांच नातू जवळजवळ ओरडलाच, "आजोबा, कशालाहि हात लावूं नका! तो प्रोग्रॅम बंद करूं नका. गाणें अजून आहे."

जागा न वाढणें आणि गाणें शिल्लक असणें यांचा संबंध काय, हेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

आमचा संगणक लिनक्स या प्रणालीवर चालतो. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाची प्रणाली रचण्यास आरंभ केला; तिच्याच धर्तीवर लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा लिहिला. हें नांव आपणांस अपरिचित वाटेल. परंतु आपल्या घरांतील अँड्रॉइड फोनच्या पोटांत तोच गाभा आहे, आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे आजचे 'परम' महासंगणकहि लिनक्सवरच चालतात. तेव्हां पुढें सांगणार आहें तो नियम कोणा एका जुन्या यंत्रापुरता नाहीं.

चालत्या प्रोग्रॅमला 'प्रोसेस' म्हणतात. प्रत्येक प्रोसेसला एक क्रमांक असतो. तिला फाइल हवी असेल तर ती परस्पर डिस्कवर हात घालूं शकत नाहीं. प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे, मागणी करावी लागते. हा व्यवहार समजण्यासाठीं एखाद्या ग्रंथालयाची कल्पना करावी. पुस्तक कपाटांत असतें आणि त्याचें नांव यादींत असतें. वाचक नांव सांगून पुस्तक मागतो. ग्रंथपाल त्याला आकडा घातलेला एक बिल्ला देतो आणि आपल्या वहींत नोंद करतो. यापुढें वाचकाला पुस्तकाच्या नांवाची गरज उरत नाहीं. 'तीन नंबरच्या बिल्ल्याचें पुढचें पान द्या' एवढें म्हटलें कीं काम भागतें. या बिल्ल्यालाच संगणकाच्या भाषेंत 'फाइल डिस्क्रिप्टर' असें म्हणतात.

बिल्ले शून्यापासून मोजतात. बहुतेक प्रोसेसना जन्मतःच तीन बिल्ले मिळालेले असतात: शून्य हा येणाऱ्या मजकुराचा, एक हा बाहेर जाणाऱ्या मजकुराचा, आणि दोन हा चुका व तक्रारी कळविण्याचा. त्यानंतर उघडलेल्या फाइलीस, मोकळ्या आंकड्यांपैकीं सर्वांत लहान आंकडा मिळतो. प्रत्येक प्रोसेसचे बिल्ले निराळे. एकीचा तीन आणि दुसरीचा तीन यांचा परस्परांशीं संबंध असेलच असें नाहीं. युनिक्सची मौज अशी कीं, साध्या फाइलींनाच नव्हे, तर कळफलक, पडदा, ध्वनियंत्र, दूरच्या संगणकाशीं जोडलेला संपर्क, या सर्वांनाच असा बिल्ला मिळतो. म्हणून एखाद्या प्रोसेसचे बिल्ले पाहिले म्हणजे ती त्या घटकेस कोणाकोणाशीं व्यवहार करीत आहे, याचें पुष्कळसें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें.

आतां पुसण्याचा विचार करूं. फाइल पुसण्याची आज्ञा दिली म्हणजे प्रत्यक्षांत यादींतील नांव खोडलें जातें, इतकेंच. पुस्तक मात्र तेव्हांच रद्दींत जातें, जेव्हां यादींत त्याचें एकहि नांव उरलेलें नसतें आणि कोणाच्याहि हातीं त्याचा बिल्ला नसतो. आमच्या गांवच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७० सालीं सुरू झाला. अशा केंद्रांत यंत्र दुरुस्तीसाठीं बंद केलें म्हणजे त्यावर काम करणाऱ्या टोळ्या परमिट घेतात. तीन टोळ्यांनीं परमिटें घेतलीं असतील, तर दोन परत आलीं एवढ्यावरून कोणी यंत्र सुरू करीत नाहीं. तिसरें हातीं येईपर्यंत थांबतात. कर्नेलचा नियम नेमका हाच आहे. मीं नांव खोडलें होतें. पण मुद्रण करणाऱ्या प्रोग्रॅमनें आपला बिल्ला परत केला नव्हता. म्हणूनच जागा वाढली नाहीं, आणि म्हणूनच गाणें शिल्लक होतें. त्या घाबरलेल्या क्षणीं प्रोग्रॅम बंद केला असता, तर तें खरोखरच गेलें असतें.

परंतु ज्याचें नांवच यादींत नाहीं, तें मागावयाचें कसें? येथें ग्रंथपालाची वही उपयोगी पडते. लिनक्सनें ती वाचण्यासाठीं खुली ठेविली आहे. 'प्रॉक' नांवाची एक डिरेक्टरी असते. ती डिस्कवर कोठेंहि नाहीं. आपण पाहूं जातों तेव्हां कर्नेल तिच्यांतील मजकूर तत्काळ सिद्ध करून दाखवितो. तिच्यांत प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाची एक डिरेक्टरी, आणि त्या प्रत्येकींत 'एफ-डी' या दोन अक्षरांची एक. नातवानें 'पी-ग्रेप' या आज्ञेनें प्रोसेसचा क्रमांक काढला. समजा, तो ४२१७ होता. मग प्रॉकमधील ४२१७ च्या एफ-डीची यादी त्यानें 'एल-एस' या आज्ञेनें मागितली. पडद्यावर ओळी उमटल्या: डावीकडे बिल्ल्याचा आंकडा, मग बाण, आणि बाणापुढें त्या वस्तूचें नांव. पहिल्या तीन बिल्ल्यांपुढें आज्ञा देण्याची खिडकी होती. एकापुढें ध्वनियंत्राचें नांव होतें. आणि पांचव्यापुढें आमच्या ओव्यांच्या फाइलीचें नांव असून त्याच्या शेवटीं कंसांत 'पुसलेली' या अर्थाचा इंग्रजी शब्द होता. तो शब्द पाहून मला झालेला आनंद शब्दांत सांगतां येणार नाहीं.

पुढचें काम सोपें, पण क्रमानें करावयाचें होतें. नातवानें प्रथम त्या प्रोसेसला 'थांब' असा इशारा दिला. हा इशारा संपविण्याचा नव्हे, केवळ स्तब्ध राहण्याचा. त्यामुळें बिल्ले तिच्या हातींच राहतात. मग एफ-डीमधील पांचव्या नोंदीचीच प्रत काढण्याची आज्ञा त्यानें दिली. अशी प्रत काढतांना वाचन फाइलीच्या आरंभापासून होतें, म्हणून गाणें सबंध मिळालें. डिस्कवर जागा नसल्यानें प्रत पेनड्राइव्हवर घेतली. ध्वनिफाइलीच्या मथळ्यांत एकूण लांबी लिहिण्याचें काम प्रोग्रॅम अगदीं शेवटीं करतो; ती एक नोंद मागाहून दुरुस्त करावी लागली. प्रत वाजवून पाहिली, काकूंचा आवाज ऐकूं आला, आणि मगच प्रोग्रॅम बंद केला. तत्क्षणीं डिस्कवरील मोकळी जागा वाढली! शेवटचा बिल्ला परत आला होता. उरलेल्या ओव्या काकूंनीं दिवेलागणीपर्यंत गायिल्या.

हीच वही वाचण्याचें दुसरें साधन म्हणजे 'एल-एस-ओ-एफ' ही आज्ञा. उघड्या फाइलींची यादी, असा तिच्या इंग्रजी नांवाचा अर्थ. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाचे व्हिक एबेल यांनीं ती लिहिली. ॲपलच्या मॅक संगणकांत प्रॉक डिरेक्टरी नाहीं, तेथेंहि ही आज्ञा चालते. प्रोसेसचा क्रमांक दिला तर तिच्या हातीं काय आहे तें ती सांगते. उलट फाइलीचें नांव दिलें तर ती कोणाच्या हातीं आहे तें सांगते. पेनड्राइव्ह काढूं लागल्यावर 'अद्याप वापरांत आहे' अशी तक्रार येते, तो अनुभव आपणांपैकीं पुष्कळांचा असेल. ओढून काढण्यापूर्वीं या आज्ञेस विचारावें. बहुधा मागें उघडी राहिलेली एखादी खिडकीच अपराधी निघते.

मोठ्या कचेऱ्यांतून याच नियमामुळें वेगळा घोटाळा होतो. संगणक आपल्या कामाची दैनंदिनी लिहीत असतो; ती फुगून डिस्क भरते; कोणी ती पुसतो, आणि तरीहि डिस्क भरलेलीच! लिहिणाऱ्या प्रोसेसकडे बिल्ला असतो, हेंच कारण. अशा वेळीं फाइल पुसण्याऐवजीं ती आंतून रिकामी करावी, किंवा त्या प्रोसेसला ती पुन्हा उघडावयास लावावें. दुसरा दोष याच्या उलट. कांहीं प्रोग्रॅम बिल्ले घेतात, पण परत करावयाचें विसरतात. प्रत्येक प्रोसेसला बिल्ल्यांची मर्यादा असते. लिनक्सवर ती सामान्यतः १०२४ इतकी असते. ती भरली कीं 'फार फाइली उघड्या आहेत' असें म्हणून प्रोग्रॅम अडून बसतो. एफ-डीमधील नोंदी थोड्या थोड्या वेळानें मोजाव्या. संख्या केवळ वाढतच असेल, तर रोग तेथेंच आहे असें समजावें.

ही वही सर्वांस सरसकट वाचतां येते असें मात्र नाहीं. सामान्य वापरकर्त्यास केवळ स्वतःच्या प्रोसेसचे बिल्ले पाहतां येतात. इतरांचे पाहण्याचा अधिकार यंत्राच्या व्यवस्थापकास असतो. हें योग्यच आहे. शेजाऱ्याच्या हातीं कोणतें पत्र आहे, हें आपण डोकावून पाहूं नये.

ज्यांना लिनक्सच्या आज्ञा शिकावयाच्या असतील, त्यांनीं मुंबईच्या आयआयटींतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मराठी पाठ ऐकावे. एका बाजूस आज्ञा देऊन पाहावी, दुसऱ्या बाजूस पाठ ऐकावा, म्हणजे भीति जाते. माझी तशीच गेली.

आणखी एक सांगून आपली रजा घेतों. काकू आतां परत आल्या आहेत. ओव्यांच्या तीन प्रती तीन ठिकाणीं आहेत. आणि कोणतीहि फाइल पुसण्यापूर्वीं, ती कोणाच्या हातीं तर नाहीं ना, हें वहींत पाहण्याची संवय मला लागली आहे.