नवतप्यात कामगारांचं आरोग्य: काही गैरसमज

भंडारा जिल्ह्यात बहुतेकांचं काम अंगमेहनतीचं आहे. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मॅंगनीज खाणी, वरठीला पोलाद कारखाना, भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं काम, जागोजागी राईस मिल आणि घरोघरी वळली जाणारी बिडी. कामगारांच्या आरोग्यावर मालकाने खर्च करावा असं म्हटलं, की काही ठरावीक उत्तरं ऐकू येतात.

गैरसमज: हे शहरातल्या एसी ऑफिसांचं फॅड आहे.

उन्हाळ्यात थंड पाणी, कॅन्टीन, प्रथमोपचार पेटी, पाळणाघर हे सगळं 1948च्या कारखाने कायद्यातच आलं होतं. खाणीत भरतीच्या वेळी आणि पुढे ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी 1955च्या नियमांनी बंधनकारक केली. म्हणजे ही कल्पना खाणी-कारखान्यांतली आहे आणि जुनी आहे.

गैरसमज: एक शिबिर आणि योगदिन केला, की एका रुपयाचे तीन रुपये वसूल होतात.

हा हिशेब अमेरिकेतून आला. कॅथरीन बेकर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये जुन्या अभ्यासांवरून तसा निष्कर्ष काढला होता. पुढे बेकर यांनीच एका मोठ्या दुकानसाखळीतल्या सुमारे 33,000 कर्मचाऱ्यांवर रीतसर चाचणी केली. तिचे निकाल 2019 मध्ये आले. दीड वर्षानंतर लोक जास्त व्यायाम करत असल्याचं सांगत होते, पण रक्तदाब, औषधोपचाराचा खर्च आणि गैरहजेरी यांत फरक पडला नव्हता. अशा कार्यक्रमात आधीच तब्येत सांभाळणारा माणूस पहिल्यांदा नाव नोंदवतो, त्यामुळे जुने आकडे फुगलेले दिसत होते.

शिबिरं बंद करावीत, असं माझं म्हणणं नाही. पण मॅंगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर मज्जासंस्थेला इजा होऊ शकते, हात कापतात, चाल बिघडते. तिथे आधी पाणी मारून धूळ बसवणं, मगच व्याख्यान.

गैरसमज: आमच्या माणसांना उन्हाची सवय आहे.

सवय होते हे खरं, पण तिला एक-दोन आठवडे लागतात आणि सुट्टीवरून परतलेल्याची ती मोडलेली असते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर सरावलेलं शरीरही हरू शकतं. भारतीय कारखान्यांच्या एका मोठ्या अभ्यासात वर्षाचं तापमान एक अंशाने वाढलं की उत्पादन सुमारे 2 टक्के घटतं, असं दिसलं. म्हणजे उन्हाचं नुकसान मालकाच्या वहीतही उमटतं. बंगळुरूच्या कपडे कारखान्यांत वीज वाचावी म्हणून एलईडी दिवे बसवले. त्यांची उष्णता कमी, म्हणून कडक उन्हाच्या दिवसांत कामही जास्त झालं.

राईस मिलमधल्या हमालाची गोष्ट जरा वेगळी. त्याची मजुरी पोत्यामागे ठरते. तो सावलीत दहा मिनिटं बसला तर तेवढी पोती गेली. म्हणून नुसतं ‘विश्रांती घ्या’ असं सांगून काही होत नाही. विश्रांतीचे पैसे मिळाले तरच ती घेतली जाते. शिवाय काम पहाटे सुरू करून दुपारी थांबवणं, पाणी हाताशी ठेवणं आणि एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवणं, याला फारसा खर्च नाही. माझ्या मते भंडाऱ्यात सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे, मालकाचा आणि मजुराचाही.

गैरसमज: तपासणीचा अहवाल मालकाला कळायलाच हवा.

विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, म्हणून हा प्रश्न नाजूक. वाहक व्यक्ती सहसा धडधाकट असते. प्रत्यक्ष रुग्णाला मात्र तहान, ऊन आणि अतिश्रमाने असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. नोकरी जाईल या भीतीने तो आजार लपवतो आणि नेमका धोक्यात येतो. अहवाल कामगाराच्याच हातात द्यावा. कोणतं काम झेपेल, एवढंच मालकाला कळलं तरी पुरे.

गैरसमज: लहान मालकाला परवडत नाही.

दहा कामगार असले तरी कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू होते. मालकाचा वाटा पगाराच्या 3.25 टक्के, कामगाराचा 0.75 टक्के. त्यात उपचार आणि आजारपणातला 70 टक्के पगार मिळतो. पगाराची मर्यादा महिना 21,000 रुपये.

घरी बिडी वळणाऱ्या बायका मात्र सहसा कुठल्याच हजेरीपटावर नसतात. त्यांच्या कल्याण निधीला पैसा पुरवणारा उपकर 2017 मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला. बिडी कारखानदारांनी जिथे तेंदूपत्ता आणि तंबाखू वाटला जातो, तिथेच या बायकांच्या छातीची, डोळ्यांची आणि पाठीची तपासणी सुरू करावी. आठवड्यातून एकदा तरी सगळ्या जणी तिथे येतातच.