'अ' जीवनसत्त्व आणि बालकांची दृष्टी

दिवसा अंगणात हुंदडणारे मूल दिवेलागण होताच भिंतीचा आधार घेऊ लागते, ताटातील भाकरी चाचपडत शोधते. घरची माणसे त्याला भित्रे ठरवितात. वस्तुतः हा रातांधळेपणा असतो व कुपोषित बालकांत त्याचे मूळ बहुधा 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावात आढळते.

नेत्रपटलातील दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचे प्रकाशसंवेदी द्रव्य असते. एक प्रथिन आणि 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनल यांच्या संयोगाने ते तयार होते. प्रकाश पडताच रेटिनलच्या रेणूचा आकार बदलतो, मेंदूकडे संदेश जातो आणि द्रव्याची पुन्हा घडण करावी लागते. जीवनसत्त्व तोकडे पडले की ही घडण मंदावते व अंधुक उजेडात दिसेनासे होते. या संशोधनासाठी जॉर्ज वॉल्ड हे १९६७ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

अभाव वाढत गेल्यास डोळ्यांचा ओलावा जातो, बुबुळाच्या बाजूस फेसाळ पांढुरके ठिपके दिसतात आणि अखेरीस बुबुळ मऊ पडून फुटू शकते. रातांधळेपणा उपचाराने बरा होतो. फुटलेले बुबुळ पूर्ववत होत नाही. श्वासमार्ग व आतडी यांचे अस्तरही याच जीवनसत्त्वावर अवलंबून असल्याने अशा मुलास अतिसार व गोवर अधिक जाचतात, आणि गोवर यकृतातील उरलासुरला साठा संपवितो.

देशात १९७० मध्ये यावर प्रतिबंधक कार्यक्रम सुरू झाला. आज नवव्या महिन्यात १ लाख एककांची मात्रा गोवर-रुबेला लसीबरोबर दिली जाते. पुढे सोळाव्या ते अठराव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख, अशा एकूण ९ मात्रा होतात. जादा मात्रा अपायकारक असल्याने प्रत्येकीची नोंद अत्यावश्यक आहे.

शेवग्याचा पाला, माठ, पालक, पपई, आंबा यांतील बीटा-कॅरोटीनपासून शरीर हे जीवनसत्त्व स्वतः घडविते. मात्र ते अंगी लागण्यास फोडणीचे थोडे तेल हवे. शेंगा बाजारात आणि पाला शेळीपुढे, ही अनेक परसांतील रीत मुलांना महाग पडते.

संध्याकाळी अडखळणारे वा नुकताच गोवर झालेले मूल आढळल्यास पुढील मात्रेच्या तारखेची वाट न पाहता, नोंदीचे कार्ड घेऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.